बोलका साउंडबॉक्स: दुकानातील वर्षभराचा अनुभव

लालबागमधील आमच्या वह्या-पेनांच्या दुकानात वर्षभरापासून यूपीआयने जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आहे. शाळा उघडण्याच्या गर्दीत एकाने जुनाच स्क्रीनशॉट दाखवून ६४० रुपयांचे सामान नेले, तेव्हा तो घेतला. गल्ल्यावर वडील बसतात. मोतीबिंदूमुळे दुसऱ्याच्या मोबाइलवरील बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत, कान मात्र शाबूत आहेत.

डब्यात स्वतंत्र सिमकार्ड असते आणि पैसे जमा झाल्याचा संदेश कंपनीच्या सर्व्हरकडून थेट त्याच्याकडे येतो, त्यामुळे दुकानदाराचा फोन घरी राहिला तरी काम अडत नाही. मराठी उच्चार स्पष्ट आहेत. आम्ही दरमहा १०० रुपये भाडे भरतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क पडत नाही. डब्याचे भाडे हा कंपन्यांच्या कमाईचा एक मार्ग आहे. आम्हाला ते परवडते, पण रोज मूठभर गिऱ्हाईक असणाऱ्याने विचार करूनच घ्यावा.

खरी कसोटी गणपतीत लागली. त्या दहा दिवसांत गल्लीत माणसांचा पूर इतका असतो की नेटवर्क कोलमडते. ग्राहक हिरवी खूण दाखवत उभा आणि डबा गप्प. जो आला तोही आवाज ढोल-ताशात ऐकू येईना. एका रात्री शटर ओढल्यावर त्याने अडकलेल्या चार रकमा एकापाठोपाठ सांगितल्या. तेवढे दिवस रोखीचाच आग्रह धरलेला बरा.

सुट्ट्या पैशांची कटकट मात्र संपली. पूर्वी रुपया-दोन रुपयांऐवजी द्यायला ठेवलेली लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आता तशीच भरलेली असते (नातवंडांची तेवढी चैन).

एक त्रुटी माहितीपत्रकात सापडणार नाही. शेजारच्या चाळीतील एक गृहस्थ मुलांच्या वह्यांची उधारी थोडी थोडी फेडतात. पहिल्यांदा त्यांनी फोनवरून पैसे भरले, तेव्हा "चाळीस रुपये प्राप्त झाले" हे रांगेतील सर्वांनी ऐकले आणि ते मान खाली घालून निघून गेले. उधारीच्या वहीत हा हिशेब फक्त वडील आणि ते जाणत होते. आवाज कमी करण्याचे बटण डब्याच्या बाजूला आहे. ते गृहस्थ पायरी चढताना दिसले की वडील न बोलता ते दाबून ठेवतात.