फेब्रुवारीची पगारचिठ्ठी

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षे पगारपत्रके तपासलेल्या माणसाला बनावट पगारचिठ्ठी दाखवून कोणी फसवावे, हे लिहितानाही ओशाळल्यासारखे होते; परंतु वाकडमधील आमच्या फ्लॅटबाबत नेमके तेच घडले.

एजंटाने आणलेला तरुण नीटनेटका होता, ‘काका’ म्हणून वाकून नमस्कार करी, आणि त्याच्या फाइलमध्ये जानेवारी ते मार्चच्या तीन पगारचिठ्ठ्या होत्या. २२ हजार भाडे आणि ५० हजार अनामत त्याने घासाघीस न करता मान्य केली, तेव्हा मी निव्वळ पगाराचा आकडा पाहून फाइल मिटली. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत मात्र वर्षाचे २,५०० पुरे व्हावेत म्हणून ३००. त्याच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर २००च होते. पगार खात्यात जमा झाल्याचे बँकेचे विवरण मागितले असते, तरी बिंग फुटले असते.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचा विषय काढला, की तो गावी गेलेला असे, नाहीतर आधारला अंगठा जुळत नसे. “काका, तूर्त नोटरी करून घेऊ,” असे एजंट म्हणाला आणि मी किल्ली दिली. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही भरली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असून, त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे वकिलांनी सांगितले तेव्हा उशीर झाला होता. अंगठ्याची टाळाटाळ हीच खरी खूण होती. आता नोंदणी झाल्याखेरीज मी किल्ली हातातून सोडत नाही.

दोन महिने भाडे वेळेवर आले, पुढचे चार महिने नाही, आणि मग फोनही बंद झाला. मी जाऊन बेल वाजवली, तर दार अनोळखी मुलाने उघडले. हॉलमध्ये दोरीवर टॉवेल वाळत होते, भिंतीला लागून खाटा होत्या, आणि तिथे राहणाऱ्या सहा मुलांनी प्रत्येकी दहा हजार अनामत ‘मालकाला’ दिलेली होती. त्यांच्या पावत्या मी नोटरीच्या कागदाशेजारी ठेवून पाहिल्या. अक्षराचे वळण तेच होते, आडनाव मात्र निराळे.