‘काका, बाळ झोपलंय, जरा हळू’

मला हवा होता तो बेस गिटारचा आवाज मोठा करणारा, स्पीकरसकटचा अ‍ॅम्प स्कूटरवर पायाशी मावणारा. बाकीच्या अटी त्यानंतर. आमचा पाच जणांचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. पुण्यातल्या सोसायट्यांची कोजागिरी, गणपतीचे दिवस, कुणाची एकसष्टी, असले कार्यक्रम आम्ही करतो. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, दोन गायक आणि बेस गिटारवर मी. माझा जुना अ‍ॅम्प पंधरा इंची स्पीकरचा. तो हलवायचा म्हणजे रिक्षा आली, आणि मिळणाऱ्या पाकिटातला बराचसा भाग तिथेच संपायचा.

रोलँडचा बेससाठीचा मायक्रो क्यूब आधी मनात होता. चार इंचांचे चार स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालतो. पण तो घरच्या रियाजाला, ऑक्टोपॅडच्या शेजारी बसवला की संपलाच. फेंडरचा रम्बल ४० बरोबर बेतात बसत होता: दहा इंची स्पीकर, साधारण आठ किलो वजन, मिक्सरला थेट जोडायला एक्सएलआर आउट. फक्त किंमत बेतात नव्हती. म्हणून जुना शोधायला लागलो. ‘१२०० वॉट पीएमपीओ’ वगैरे लिहिलेल्या जाहिराती मी बघितल्यासुद्धा नाहीत. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, सोडून बाकी आकडे म्हणजे नुसती हवा, एवढं कळत होतं. त्या कळण्याच्याच घमेंडीत पुढचं सगळं झालं.

जाहिरात होती रम्बलच्याच तोडीच्या, दुसऱ्या एका परदेशी कंपनीच्या अ‍ॅम्पची. ४० वॉट, दहा इंची, ‘क्वचित वापरलेला’, सोळा हजार. फोन केला तर मुलगा अगदी गोड. “काका, कॅनडाला चाललोय, नाहीतर विकलाच नसता. अजून एक जण संध्याकाळी येतोय, तुम्ही दोन हजार टोकन टाकलंत तर त्याला नाही सांगतो.” टाकले. तिथेच अर्धा फसलो होतो, कारण दोन हजार अडकले की माणूस वस्तू बघायला जात नाही, घ्यायलाच जातो.

वाकडला त्याच्या फ्लॅटवर गेलो तेव्हा अ‍ॅम्प आधीच चालू होता, मोबाइलवरून गाणं लागलेलं. छान वाजत होता. मी माझा बेस बॅगेतून काढायला लागलो तर म्हणाला, “कशाला काका, माझा जोडलेलाच आहे.” त्याचा बेस हातात घेतला. आतल्या खोलीकडे बोट दाखवून तो कुजबुजला, “फक्त बाळ झोपलंय, जरा हळू.” आता झोपलेल्या बाळापुढे कोण आवाज वाढवणार? मी आपला मधल्या पट्टीत, सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास दोन ओळी वाजवल्या. अ‍ॅम्पवरचं बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण निम्म्याहून खाली होतं आणि मधल्या सुरांचं, मिडचं, वर, हे डोळ्यांना दिसलं होतं. त्याची आवड असेल म्हणून सोडून दिलं. उरलेले चौदा हजार दिले आणि अ‍ॅम्प पायाशी ठेवून, बरोब्बर मावला म्हणून खूश होत घरी आलो.

पहिल्याच तालमीत मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, कुठेही न दाबता छेडली आणि आतून कागद फाटल्यासारखा फर्रर आवाज आला. तार बदलली. केबल बदलली. प्लगची जागा बदलली. मग त्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, एवढ्याशा अ‍ॅम्पला खालचे सूर कसे झेपतील?”

यातली मेख अशी की हे अर्धं खरं आहे. बेसची मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, साध्या गिटारच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झ. एवढा खालचा सूर हलवायला खूप हवा ढकलावी लागते, आणि छोट्या पेटीतल्या दहा इंची स्पीकरला ते पुरतं जमत नाही. आपल्याला बराचसा ऐकू येतो तो वरचा, ८२ हर्ट्झचा भाग, आणि खालचा सूर कान स्वतःच जुळवून घेतो. पण छोटा अ‍ॅम्प खालचे सूर बारीक वाजवतो, फाडत नाही. हा फरक मला ठाऊक होता, तरी त्याचं उत्तर मी महिनाभर स्वतःलाच समजावत बसलो. महिन्याने त्याचा फोन लागेना आणि डीपीही दिसेना.

मग पासोड्या विठोबापाशी एका जुन्या कारागिराकडे नेला. त्याने मागची फळी काढायच्या आधीच विचारलं, “कुणी उघडला होता?” चार स्क्रूंच्या खाचा झिजून गोल झालेल्या, उरलेले दोन नवेकोरे चकचकीत. आत स्पीकर बसवायची जुनी भोकं रिकामी, त्यांच्या शेजारी नवी पाडलेली. वायरी क्लिपने लावायच्या ऐवजी पिळून काळी टेप गुंडाळलेली. स्पीकरचा मॅग्नेट चहाच्या बशीएवढासुद्धा नाही. त्याने दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, ठेवून हळूच आत दाबलं आणि मला कान लावायला सांगितलं. आत कॉइल घासत होती, खस्स, खस्स. विजेला होणारा अडथळा मोजायला मीटर लावला तर ३.४ ओहम. अ‍ॅम्पच्या पाठीवर आठ ओहम छापलेलं. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवतो, हा सरळसरळ चार ओहमचा. म्हणजे अ‍ॅम्पला जवळपास दुप्पट करंट द्यावा लागत होता. मधेच तो तापून गप्प व्हायचा, त्याचं कोडं तिथे सुटलं. आणखी काही महिन्यांत तोही जळला असता. मूळ स्पीकर बहुधा वेगळा विकला गेला असणार.

योग्य स्पीकर आणि मजुरी धरून आणखी साडेचार हजार गेले. बिल नाही, दुकान नाही, ज्याच्याकडून घेतलं तो भाड्याच्या घरातून गेलेला. दाद मागायची कुणाकडे? त्या साडेवीस हजारांत मी थोडी भर घातली असती तर...जाऊ दे.

आता कुणी ओळखीतला जुना अ‍ॅम्प बघायला निघाला की मी बरोबर जातो, माझा बेस आणि माझी केबल घेऊन. सगळी बटणं मधोमध करायची, मोकळी ई सणसणीत छेडायची आणि सूर पूर्ण विझेपर्यंत धरून ठेवायची. वीस मिनिटं सलग वाजवायचं, कारण चुकीचा स्पीकर असेल तर अ‍ॅम्प तापल्यावरच बोलतो. मागच्या स्क्रूंवर मोबाइलचा टॉर्च मारायचा. एक्सएलआरमधून आवाज ठीक आला म्हणून हुरळून जायचं नाही, ती वाट स्पीकरच्या आधीच फुटते. आणि टोकन द्यायचंच नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेला तर नेला.

गेल्या महिन्यात तोच पडदा, तीच टाइल्स असलेला एक फोटो जाहिरातीत दिसला. नाव वेगळं, अ‍ॅम्प वेगळा, कॅनडा तेच. बायकोच्या फोनवरून मेसेज टाकला: सगळ्यात जाड तार मोठ्या आवाजात वाजवून व्हिडिओ पाठवाल का?

पाच मिनिटांत उत्तर आलं, “ताई, आत्ता बाळ झोपलंय, उद्या पाठवतो.”

त्या उद्याला आता तीन आठवडे झाले.