तीन तासांचं एक सत्र, आणि त्यानंतरचे आठ महिने

लिफ्टच्या भीतीपायी मी चौदा वर्षं जिनेच चढले. मैत्रीण सोळाव्या मजल्यावर राहते. तिचं बाळ बघायला गेले, ती थेट ते चालायला लागल्यावर. म्हणून कुणी "एका बैठकीत भीती जाते" म्हटलं की मला रागच यायचा.

एकाच बैठकीत भीतीला सामोरं जाण्याची ही पद्धत स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरन ऑस्ट यांनी १९८९ मध्ये मांडली. ठरावीक एकाच गोष्टीची भीती असेल, तर जास्तीत जास्त तीन तासांचं एक सत्र. शेवटी मीही ते घ्यायचं ठरवलं. सत्राआधी एक वेगळी भेट झाली. थेरपिस्टबाईंनी विचारलं, "लिफ्टमध्ये नक्की काय होईल असं वाटतं?" मी म्हटलं, "अडकेन, हवा संपेल, गुदमरेन." हे त्यांनी माझ्याच शब्दांत लिहून घेतलं. सत्राचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा होता.

सत्राच्या दिवशी त्या आधी स्वतः लिफ्टमध्ये शिरल्या. मग मी, दार उघडं ठेवून. मग एक मजला. भीती शंभरात किती, हे त्या सारखं विचारत. नव्वदवर असताना मला बाहेर पळायचं होतं. त्या म्हणाल्या, "आकडा खाली येईपर्यंत थांबूया का?" जबरदस्ती अजिबात नव्हती, प्रत्येक पायरी मला विचारून. थांबले. घामाने भिजले, पण आकडा उतरला. चौदा वर्षं मी दरवेळी आकडा चढत असतानाच पळून जात होते, त्यामुळे तो आपसूक उतरतो हे मला कधी कळलंच नव्हतं! शेवटच्या अर्ध्या तासात मी एकटीच वर-खाली करत होते.

पण खरं काम नंतरचं. रोज लिफ्ट घ्यायची, हे ठरलं होतं. चौथ्या महिन्यात आजारपणात तीन आठवडे खंड पडला आणि छातीतली धडधड परत आली. पुन्हा दार उघडं ठेवण्यापासून सुरुवात केली. दोन दिवसांत गाडी रुळावर आली. गर्दीने भरलेली लिफ्ट अजून जड जाते, तिथे आकडा तीसच्या आसपास असतो.

दीर्घ नैराश्य किंवा जुना आघात असेल, तर एवढ्यावर विसंबू नका, त्याला वेळ द्यावाच लागतो. माझी भीती एकच होती, नेमकी होती, म्हणून हे जमलं.

मैत्रिणीकडे आता दर रविवारी जाते. सोळाचं बटण तिचं बाळ दाबतं.