बिल्ल्याचा नंबर जुळवल्याशिवाय गाभण गाय घेऊ नका

सात महिन्यांची गाभण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, दुसऱ्या वेताची. व्यापाऱ्याला ९४,५०० रुपये, दलालाला २,०००, पिकअपचं भाडं ३,२००. दावणीला बांधून महिना व्हायच्या आत गाय गाभडली. वार (गर्भाभोवतीचं आवरण) अडकली, त्या उपचाराला ४,८५० गेले. रक्ततपासणीत निघाला ब्रुसेलोसिस, गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग. आता घरची जुनी गायही सहाव्या महिन्यात गाभडलीय.

व्यापाऱ्यानं याच रोगाच्या रक्ततपासणीचा, 'रोझ बेंगॉल' चाचणीचा, निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला होता, सही-शिक्क्यासकट. त्यावरचा बारा आकडी नंबर वेगळा, कानातल्या बिल्ल्यावरचा वेगळा. मी विचारलं, नाही असं नाही. "दादा, जुना बिल्ला तारेत अडकून निघाला, नवा मारलाय." अरे, निघाला तर कान फाटेल, निदान जुनं भोक तरी दिसेल! दोन्ही कान धड, भोक एकच. तिथंच दावं सोडून निघायला हवं होतं. पण शिक्का मारलेला कागद हातात असताना कान कोण चाचपतं? तुम्ही चाचपला असता? वर म्हणतो, गेल्याच महिन्यात लस टोचलीय. ब्रुसेलोसिसची एस-१९ ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, गाभण गाईला नाही. असं कोणी सांगितलं की उठा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. बाजार समितीत गेलो तर म्हणे सौदा गोठ्यावर झाला, आमची पावती कुठाय? विम्यात गाय मेली तर पैसे, गाभडली तर नाही. दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी, शेजारच्या गावाकडे अतिरिक्त कार्यभार. हा रोग प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्याच्या यादीत आहे, कळवणं बंधनकारक आहे. कळवलं. पोच द्यायलाही कोणी तयार नाही! माणसाला होणारा रोग आहे हा. उघड्या हातानं वार ओढणारा माझा भाऊ ताप नि सांधेदुखीनं अंथरुणात पडलाय.

हातमोजे घाला. गाभडलेलं वासरू, वार कुत्र्यापुढं टाकू नका, चुना घालून खोल पुरा. दूध उकळूनच. आणि रिपोर्ट खरा असला तरी गाभणपणी तो फसवू शकतो. नवी गाय वेगळी बांधा, व्याल्यावर पुन्हा रक्त तपासा. पैसे रोख देऊ नका, मी दिले.

परवा त्याच दलालाचा फोन: "गाय ३०,००० ला परत देता का? गिऱ्हाईक आहे."