दोनशे रुपयांची एक ओळ: बिझनेस, फायनान्स की सार्वजनिक धोरण?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात. यंदा पहिला फोन भाचीचा. "मामा, बीएमएस करू, बी.कॉम. आणि सीए करू, का इकॉनॉमिक्स घेऊन पब्लिक पॉलिसीत जाऊ? तूच सांग." मी तिला म्हटलं, आधी आईची सॅलरी स्लिप घेऊन बस.

स्लिपवर पीएफच्या आसपास एक ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून हा कर माफ आहे. ताईचा पगार त्याच्या वर, म्हणून तिच्या स्लिपवर ती ओळ आहे. तीनही वाटांवरचे लोक ही ओळ रोज बघतात, पण प्रत्येकाला पडणारा प्रश्न निराळा असतो.

बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं मी चिंचवडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. हा कर कापायचा, देणी खात्यात टाकायचा, चलन भरायचं, रिटर्न भरायचं. एका महिन्यात रिटर्न राहिलं आणि विलंब शुल्क बसलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "हे कुणाच्या पगारातून कापू?" तीन वर्षं पैसे बरोबर मोजले. ते जातात कुठे हे मात्र एकदाही विचारलं नाही. अकाउंट्सच्या माणसानं ते विचारावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. फायनान्सच्या वाटेचा प्रश्न म्हणजे आकडा जुळतो का, तारीख पाळली का, आणि उद्या रोकड पुरेल का.

बिझनेसचा विद्यार्थी तीच स्लिप खालून वर वाचतो. या बाईंवर कंपनीचा महिन्याचा एकूण खर्च किती, आणि असा आणखी एक माणूस ठेवला तर तो कमावून देईल किती? प्रश्न चांगला आहे. तो नीट सोडवायला आधी धंदा बघितलेला असावा लागतो, आणि अठराव्या वर्षी तो क्वचितच कुणी बघितलेला असतो.

आणि धोरणवाला विचारतो, हा कर आहेच कशाला? ते मला कारखाना सोडून एम.ए.ला गेल्यावर कळलं. महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात ही कल्पना करून पाहिली होती. खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचं तर पैसा हवा, आणि तो शहरातल्या पगारदारानं द्यायचा, असं ठरलं. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्याच पैशावर उभा राहिला, सरकारनं तेवढीच भर घालायची या अटीसह. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा आला तेव्हा डोळ्यांसमोर हाच अनुभव होता. वर्षाला २५०० च का? राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं तशी कमाल मर्यादा घातली आहे. पूर्वी ती २५० होती, १९८८ मध्ये वाढली. मी तीन वर्षं भरलेल्या चलनांमागे हे सगळं होतं.

आता व्यवहाराचं.

बीएमएस, बीबीए हा मॅनेजमेंटच्या पदवीचा प्रकार दिसायला सगळ्यात देखणा. प्रेझेंटेशनं, ग्रूप प्रोजेक्ट, फेस्ट, ब्लेझर. मुलं बोलायला शिकतात, हा खरा फायदा आहे, आणि छोट्या गावातून आलेल्या मुलांना तो फार उपयोगी पडतो. पण यातली बहुतेक कॉलेजं विनाअनुदानित, म्हणून फी अनुदानित बी.कॉम.च्या कितीतरी पट, आणि चांगल्या नोकरीसाठी पुढे एमबीए करावंच लागतं. एमबीएला तर कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. मुंबईच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट संस्थेसाठी सीईटीत ९९ च्याही वर पर्सेंटाइल लागतं. तुम्ही बीएमएस केलंय का, हे तिथे कुणी बघत नाही. आणखी एक. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आणि सीईटी लागू झाली, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' केलं. प्रवेश घेताना माहितीपत्रकावरचं नाव सोडा, पदवीवर काय छापून येणार ते विचारा. आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम, आयपीएम, २०११ पासून आहे. तो मिळत असेल तर हा लेख वाचत बसू नका.

बी.कॉम. आणि सीए ही मराठी घरांची जुनी, स्वस्त आणि निर्दय वाट. सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला, चार पेपर, प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५०. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन झाली. या दोन वर्षांत मुलगा ऑडिटला गोदामात जाऊन पोती मोजतो, जीएसटीच्या नोटिशीला उत्तर लिहितो, क्लायंटकडचा चहा पितो आणि कागद वाचायला शिकतो. वर्गात बसून हे येत नाही. मात्र कॉलेजचं आयुष्य म्हणून जे काही असतं ते जवळजवळ संपतं. आणि मधेच सुटलं तर हातात नुसती बी.कॉम. उरते. माझ्या वर्गातले निम्मे असेच उरले, मीही त्यांतलाच.

सार्वजनिक धोरण ही बारावीनंतर घ्यायची पदवी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. कधी रेशनच्या रांगेत उभं न राहिलेल्या, तलाठ्याकडे सातबारासाठी खेपा न घातलेल्या मुलानं अठराव्या वर्षी धोरण शिकायचं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणं शिकण्यासारखं. बारावीनंतर अर्थशास्त्र घ्यावं. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे, मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या तर नावातच आता पब्लिक पॉलिसी आहे. धोरणाची पदव्युत्तर पदवी दोन वर्षं कुठे तरी काम करून मग: आयआयटी मुंबईत आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून आहे. इथेही एक खाच आहे. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातलीच पदव्युत्तर पदवी लागते, धोरणाची चालत नाही. नोकऱ्या आहेत, पण बऱ्याचशा दिल्लीत, बऱ्याचशा कंत्राटी, आणि सुरुवातीचा पगार नातेवाइकांना सांगण्यासारखा नाही.

तरीही भाचीला मी अर्थशास्त्राकडे ढकलतोय. याचं कारण या वाटांना उतार आहे. अर्थशास्त्राच्या पदवीधराला ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट सीए इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, बसता येतं (कॉमर्सवाल्याला ५५ पुरतात). एमबीएचं दार उघडंच असतं. उलट दिशेला चढ आहे, आणि तो चढ म्हणजे गणित. आमच्याकडे अकरावी कॉमर्सला गणित टाळायचं म्हणून मुलं एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतात, टक्के छान पडतात, आणि पाच वर्षांनी एम.ए. इकॉनॉमिक्सच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लॅग्रांजचं गणित बघून घाम फुटतो. मला फुटला होता. बी.कॉम.ला पहिला वर्ग होता, पण डेरिव्हेटिव्ह कशाशी खातात हे माहीत नव्हतं. ते सहा महिने मी बारावी सायन्सची पुस्तकं आणून रात्री काढले.

भाचीनं गणित घेतलं होतं, मार्क बेताचे, ६८. तेवढे पुरतात. एसपी घेतलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही, पण मग अनुदानित कॉलेजात बी.कॉम. घ्यावं, पहिल्या वर्षीच गणिताची शिकवणी लावावी आणि तिसऱ्या वर्षी ठरवावं.

या भिंती पूर्वी इतक्या उंच नव्हत्या. १९१३ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं सिडनहॅम हे कॉमर्सचं कॉलेज, आणि १९१८ पासून दोन वर्षं तिथे राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते डॉ. आंबेडकर. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी त्यांचा विषय होता ब्रिटिश भारतातल्या प्रांतांचं वित्त, म्हणजे केंद्र आणि प्रांत यांच्यातला पैशाचा हिशेब. आजच्या कॉलेजच्या खिडकीवर हा विषय कुठल्या रांगेत उभा करतील कोण जाणे.

रात्री भाचीचा मेसेज आला. ताईच्या स्लिपचा फोटो, त्या ओळीभोवती लाल गोल. "मामा, १९८८ पासून अडीच हजारच? तेव्हाचे अडीच हजार म्हणजे आजचे किती?" फॉर्मबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.