कामिनोचं 'परमिट' विकत घेतलं त्याची गोष्ट

स्पेनच्या कामिनोला जायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा, मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर 42,000 रुपये वाचले असते.

कामिनो म्हणजे सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला चालत जायची जुनी यात्रा. फ्रान्सच्या बाजूने निघालं तर पावणेआठशे किमीच्या आसपास. मला आणि ताईला एवढी सुट्टी कोण देणार, म्हणून सारिया गावापासूनचे शेवटचे साधारण 115 किमी ठरवले, कारण पायी 100 किमी झाले की सर्टिफिकेट मिळतं.

ताईच्या भिशीतल्या एकीने एका माणसाचा नंबर दिला, "स्वतः दोनदा जाऊन आलेत". बोलणं इतकं गोड की काय सांगू, प्रत्येक वाक्याला ताई. म्हणाला परमिट लागतं, कोटा असतो, सप्टेंबरचा कोटा संपत आलाय, आणि सरकारी अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बेड बुक नसेल तर रस्त्यावर झोपाल. परमिट, यात्री पासपोर्ट (म्हणजे वाटेत शिक्के मारून घ्यायचं कार्ड), सहा रात्री आणि सर्टिफिकेट फी असं दोघींचं मिळून पॅकेज. मी बँकेत आहे हो, दिवसभर लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून सांगते, पण 'कोटा संपतोय' ऐकलं की तत्कालच्या तिकिटांची सवय असलेलं आपलं डोकं बंदच होतं. बाबा इतकी वर्षं आळंदीहून वारीला चालत गेले, त्यांच्याकडे कुणी कधी परमिट मागितलं नाही, हेही आठवलं नाही मला.

सारियाच्या सरकारी अल्बेर्गेत काउंटरवरच्या बाईंनी आमचं व्हाउचर उलटंपालटं करून बघितलं आणि शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. गॅलिसिया प्रांतात, म्हणजे याच भागात, सरकारी अल्बेर्गेत बुकिंग नसतंच! जो आधी पोचेल त्याला बेड, माणशी 10 युरो, तेही आम्ही परत भरले. मग त्यांनी यात्री पासपोर्ट मागितला. आमच्या माणसाने रंगीत झेरॉक्स काढून चक्क लॅमिनेट करून दिला होता, बाईंनी शिक्का मारला, मी अंगठा फिरवला तर सगळी शाई अंगठ्याला. शेवटच्या 100 किमीत रोज दोन शिक्के लागतात आणि आमच्या पासपोर्टवर एकही टिकणार नव्हता. खरा पासपोर्ट, तिकडे क्रेडेन्सियल म्हणतात, तिथेच थोड्याशा युरोंत मिळाला, साधा घडीचा पुठ्ठा.

परमिट कुणीच विचारलं नाही. असं काही नसतंच. पिवळे बाण बघत चालायचं, बास. हे बाण 1980च्या दशकात ओ सेब्रेइरोच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्याने रंगवायला सुरुवात केली. बेड पक्काच हवा असेल तर खाजगी अल्बेर्गेवाल्यांना आपणच थेट फोन करायचा, मध्ये कुणी लागत नाही.

चालणं मात्र झक्कास झालं. पोर्तोमारीनला जुनं गाव धरणात गेलं तेव्हा चर्च दगड दगड सुटा करून वर आणून बांधलंय, दगडांवरचे नंबर अजून दिसतात, ताई अर्धा तास तेच शोधत बसली. पुढे वाटेत पॅड घेतलेल्या दोन मुली भेटल्या, मुक्या-बहिऱ्यांसाठी सही करा, मग पैसे द्या. ताई सही करायला निघाली होती, मी ओढूनच नेलं तिला, एकदा पोळलेली ना मी.

सान्तियागोच्या यात्री कार्यालयात टोकन घेतलं, शिक्के दाखवले, लॅटिनमध्ये नाव लिहिलेलं सर्टिफिकेट हातात. फी किती विचारलं तर म्हणाले काही नाही. किती किमी चाललात ते लिहिलेलं वेगळं हवं असेल तर तेवढे 3 युरो. आमच्याकडून 'सर्टिफिकेट फी' माणशी 4,500 घेतली होती.

परत आल्यावर त्याला मेसेज केला. उत्तर आलं, "ताई तो सर्व्हिस चार्ज होता, नॉन रिफंडेबल", आणि लगेच ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, व्हाउचर आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडलेत. लॅमिनेट केलेला एक पासपोर्ट पुरावा म्हणून माझ्याकडे आहे, दुसरा ताईने चहाच्या कपाखाली ठेवायला घेतलाय, तोही आता कडेने सुटायला लागलाय.