मुरमाड रानात शेवगा लावावा की सीताफळ?

तेल्या रोगामुळे डाळिंबाची बाग काढली की मोकळ्या रानात काय लावायचं, याला सोलापूरच्या सांगोला-माढा भागात हल्ली दोन उत्तरं मिळतात: शेवगा किंवा सीताफळ. दोन्ही झाडं कमी पाण्यावर जगतात, पण नुसतं जगणं वेगळं आणि माल देणं वेगळं. किती पाणी लागतं यापेक्षा ते कोणत्या महिन्यात लागतं, हे आधी बघावं.

सीताफळ उन्हाळ्यात पानं झाडून विश्रांती घेतं. विहीर तळाला जाते तेव्हा मोठ्या झाडाचं काही मागणं नसतं; पहिली दोन वर्षं रोपांना मात्र पाणी द्यावंच लागतं. जूनच्या पावसावर नवी फूट आणि कळी येते, सप्टेंबरच्या पावसात फळ पोसतं. धोका जुलै-ऑगस्टच्या उघडिपीचा. हवा कोरडी पडली की फूल सुकून गळतं, म्हणून तेवढ्या काळात एक-दोन संरक्षित पाणी राखून ठेवावीत.

शेवग्याचं नेमकं उलट. पीकेएम-१ या शेवग्याच्या वाणाचा मोठा बहर साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे आपल्याकडे टँकर फिरतात तेव्हा. त्याच वेळी सगळीकडचा माल बाजारात येतो आणि भाव पडतो. यावर उपाय म्हणजे जूनच्या सुरुवातीला झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटणं. चार-पाच महिन्यांनी शेंगा सुरू होतात आणि थंडीतला भाव सापडतो. तरी सप्टेंबरचा जोराचा पाऊस फुलोऱ्यात आला तर पहिली फुलं जातात, हे धरूनच चालावं. फुलोऱ्यात पाणी एकदम वाढवलं किंवा एकदम तोडलं तरी फूलगळ होते. ठिबकवर थोडं थोडं, नेमानं द्यावं.

पैसा लवकर हवा असेल तर शेवगाच. बियांपासून सहा ते आठ महिन्यांत शेंगा लागतात. सीताफळाच्या कलमाला तिसऱ्या वर्षी थोडी फळं, खरं उत्पन्न चौथ्या-पाचव्या वर्षापासून.

शेवग्याला १० बाय १० फुटांवर एकरी ४३५ झाडं बसतात. दीड फुटी खड्ड्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत, दोन बिया इंचभर खोल. रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा, पुढे बाजूच्या फांद्यांचाही. हे टाळलं तर झाड सरळ वर जातं, शेंगा हाताला लागत नाहीत आणि वळवाच्या वाऱ्यात ठिसूळ खोड मोडतं. बुंध्याशी पाणी साचलं तर मूळ कुजतं. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात म्हणूनच दोन्ही झाडं नकोत, तिथं ज्वारीच बरी.

सीताफळ १६ बाय ८ फुटांवर, एकरी ३४० कलमं. खड्डा दोन फुटी. कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर ठेवावा आणि जोडाखालची फूट दिसली की लगेच काढावी, नाहीतर खालचं रानटी झाडच वाढत राहतं. बाळानगर वाणापेक्षा बार्शी तालुक्यातला गोल्डन वाण लांबच्या बाजाराला बरा. बिया कमी आणि टिकाऊपणा जास्त. मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड. त्याला मुंग्या झाडावर चढवतात, म्हणून खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावं आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. फळांवर पांढरा थर आल्यावर फवारणी करणं म्हणजे उशीरच.

तोडणीला माणूस आहे का, हेही बघा. शेवगा बहरात दर दोन-तीन दिवसांनी तोडावा लागतो; थोडी हयगय झाली की शेंग जून होते, तिला कोणी विचारत नाही. सीताफळाचे डोळे उघडून मधली फट पांढुरकी दिसली की तोडायचं. बाळानगर तीन-चार दिवसांत मऊ पडतं आणि फ्रिजमध्ये साल काळी होते, तेव्हा गाडी आधी ठरवावी. शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर शेवग्याला कुंपण लागेल. सीताफळाच्या पानाला शेळी तोंड लावत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये विहिरीला पाणी टिकत नसेल तर सीताफळ लावा. पाणी आहे आणि घरची माणसंही आहेत, तर शेवगा. दोन्हीचा मोह असेल तर सीताफळाच्या १६ फुटी पट्ट्यात मधोमध शेवग्याची एक ओळ घ्या, पण तिसऱ्या वर्षी ती मुळासकट काढा. सावलीत सीताफळाला कळी कमी लागते आणि पिठ्या ढेकूण मात्र वाढतो.